माझा वेग बेताचाच आहे. व्हर्च्युअल सायकलिंग लीगमध्ये उतरलो तर टीमला ओझं होईन का?

अजिबात नाही. मी पुण्यात घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) झ्विफ्ट या व्हर्च्युअल सायकलिंग ॲपवरची झ्विफ्ट रेसिंग लीग खेळतो. बेताच्या वेगाचा पण डोकं वापरणारा रायडर प्रत्येक टीमला हवा असतो.

क्षमतेनुसार ए ते डी असे गट असतात, त्यामुळे गाठ आपल्या तोडीच्यांशीच पडते. गुणांच्या शर्यतीत वाटेवर स्प्रिंटचे आणि चढाचे ठरावीक टप्पे येतात. तो टप्पा आधी ओलांडणाऱ्यांना गुण, आणि काही शर्यतींत कमीत कमी वेळात पार करणाऱ्यांनाही वेगळे गुण. म्हणजे पुढचा घोळका सुटला, तरी मागून जीव तोडून मारलेला एक स्प्रिंट टीमच्या कामी येतो. वजनाने भारी माणूस चढावर मागे पडेल, पण सपाटीवरच्या स्प्रिंटला तोच भल्याभल्यांना दमवतो. टीम टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे अख्ख्या टीमने मिळून घड्याळाविरुद्ध मारायच्या शर्यतीत, तर वेळ चौथ्या रायडरची धरतात. एकटा कितीही पळाला तरी उपयोग नाही.

जपायचं ते सुरुवातीला. पहिली दोन-तीन मिनिटं सगळे तुफान सुटतात. सुरुवातीची उलटी मोजणी शून्यावर यायच्या आधीपासून पेडल फिरतं हवं आणि अंग आधीच चांगलं तापलेलं हवं. तेवढ्यात घोळक्यात टिकलात की पुढच्यांच्या आडोशाने कमी वॉटमध्ये, म्हणजे पायांचा कमी जोर लावून, तोच वेग मिळतो. एकटे पडलात तर मात्र हाल होतात.

हा रस्त्यापेक्षा वेगळा खेळ आहे. २०२० ची पहिली यूसीआय (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) सायकलिंग ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा पुरुषांत जर्मनीच्या जेसन ऑसबोर्नने जिंकली, आणि तो मूळचा रोइंगवाला!

ॲपमध्ये आपलं वजन मात्र खरं तेच लिहा. दोन किलो कमी लिहिले की चढावर फुकटचा वेग मिळतो आणि घाम गाळणारा दुसराच कुणीतरी मागे पडतो. ही चोरीच आहे, याबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही. ट्रेनर डिफिकल्टी, म्हणजे चढ पायांना किती जाणवावा याची ॲपमधली सेटिंग, कमी केलीत तर हरकत नाही. चढ पायांना सौम्य वाटतो, पण वॉट तेवढेच लागतात.

आपल्याकडच्या उकाड्यात तोंडावर मोठा पंखा हवाच. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, ऐन शर्यतीत वीज गेली तर सगळं मुसळ केरात. आधी एक-दोन सुट्या शर्यती खेळा, मग टीम शोधा. सीझन सुरू होण्याआधी बहुतेक टीम नवे रायडर घेत असतात.