दुखत नाही म्हणून खडा गेला असं समजू नका

(वाचकांचे प्रश्न, युरोलॉजिस्टची उत्तरं)

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही हिंगणा रोडला राहतो. यांचं वय 41, एमआयडीसीत भट्टीजवळचं काम. मागच्या महिन्यात रात्री 2 वाजता डाव्या कुशीत एवढं दुखलं की जमिनीवर लोळून राहिले होते. सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रनळीत 9 मिमीचा खडा निघाला, किडनीला थोडी सूज आहे म्हणाले, लेझर करून घ्या म्हणाले. पण चार दिवसांत दुखणं बंदच झालं, आता 3 आठवडे झाले. सासूबाई रोज कुळथाचं पाणी देऊन राहिल्या. हे म्हणतात खडा पडून गेला असन, आणि लेझरनं किडनी जळते असं यांना कंपनीत कोणीतरी सांगितलं. मी काय करू?

उत्तर: ताई, खडा पडताना यांनी स्वतः पाहिला का? नसेल पाहिला तर तो आतच आहे असं धरूनच चाला, आणि या आठवड्यात परत तपासणी करा. मूत्रनळी आतून जेमतेम 3-4 मिमीची असते. 5 मिमीपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, 10 च्या वरचे सहसा पडत नाहीत, आणि 9 मिमी म्हणजे त्या दुसऱ्या टोकाला टेकलेलाच की.

दुखणं का थांबलं ते सांगतो, कारण सगळा घोळ इथंच होतो. खडा अडकला की वरची लघवी तुंबते, किडनीवर ताण येतो आणि तो ताण दुखतो, खडा टोचतो म्हणून ते दुखणं नसतं. काही दिवसांनी किडनीच आपलं काम कमी करते, त्या बाजूला लघवी कमी बनते, ताण उतरतो, दुखणं जातं, आणि माणसाला वाटतं सुटलो बाप्पा. पण खडा तिथंच असतो आणि किडनी आतल्या आत सुकत जाते. माझ्या ओपीडीत असे पेशंट येतात की एक किडनी जवळपास कामातून गेलेली असते आणि ते म्हणतात डॉक्टर, दुखत तर काहीच नव्हतं. फार वाईट वाटतं हो ते ऐकून, कारण दोन-तीन महिने आधी आले असते तर ती वाचली असती.

कुळथाला माझी ना नाही, त्या निमित्तानं पाणी पोटात जातं. पण 9 मिमीचा अडकलेला खडा कुळथानं विरघळत नाही. थांबायचंच असेल तर 4 ते 6 आठवडे, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली, ताप नसेल आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक असेल तरच. तुमचे त्यातले बरेचसे दिवस गेलेत. सोनोग्राफीत मूत्रनळीच्या मधल्या भागातला खडा कधी कधी दिसतच नाही, म्हणून नुसत्या सोनोग्राफीवर 'खडा नाही' असं मानू नका, डॉक्टर म्हणाले तर साधा सीटी परत करा. आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री ॲडमिट करा. तुंबलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की ते रक्तात जातं, जीवावर बेततं. तेव्हा आधी ती लघवी मोकळी करतात, खड्याचं नंतर पाहतात.

आता लेझर. यात पोटावर, पाठीवर कुठेच चिरा नसतो. लघवीच्या जागेतूनच दुर्बीण नळीत नेतात आणि तिच्यातून साधारण 0.2 मिमी जाडीची काचेची तार खड्याला टेकवतात. होल्मियम लेझर 1990 च्या दशकापासून वापरात आहे, आता थुलियम फायबर लेझरही आलंय, त्यात खड्याचा भुगा जास्त बारीक होतो. या लेझरचा उजेड पाण्यात अर्ध्या मिमीच्या आतच शोषला जातो, म्हणून तार खड्यावर असेल तर बाजूचं मांस जळत नाही, आणि आत सलाईनचं पाणी सतत फिरवत ठेवतात म्हणजे उष्णता साचत नाही. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, नळीला इजा होऊ शकते, ऑपरेशननंतर ताप येऊ शकतो, म्हणून तर आधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, करतात. पण लेझरनं किडनी जळते ही भीती मनातून काढा, न काढलेल्या खड्यानं किडनी जाते ती भीती ठेवा. साधारण एक-दोन दिवस दवाखान्यात, आठवडाभरात हलकं काम. (खडा किडनीतच असेल तर वाकणारी दुर्बीण लागते, आणि 2 सेंमीच्या वरचा असेल तर बहुधा पाठीतून छोटं छिद्र करूनच काढतात. यांचा नळीत आहे, तेव्हा तो विषय नाही.)

खर्चाची काळजी असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी दवाखान्यात युरोलॉजी विभाग आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन जा आणि जनआरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

प्रश्न: आमचे बाबा, वय 62, काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. जानेवारीत नागपूरला लेझरनं खडा काढला आणि आत नळी टाकली. महिन्यानं काढायला बोलावलं होतं, पण बागेची कामं होती आणि त्यांना त्रास काहीच नव्हता म्हणून गेले नाहीत. आता जून लागला. राहू दिली तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. बेटा, पत्र वाचलंस की उद्याच फोन करून अपॉइंटमेंट घे.

त्या नळीला डीजे स्टेंट म्हणतात, दोन्ही टोकं इंग्रजी J अक्षरासारखी वळलेली, एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. लेझरनंतर मूत्रनळीला सूज असते, त्यातून लघवी वाहती राहावी म्हणून हा स्टेंट टाकतात. बऱ्याच जणांना त्याचा त्रास होतो, सारखी लघवी लागते, लघवी करताना कुशीत कळ येते, जास्त चाललं की थोडं लाल येतं, आणि हा त्रास असतो म्हणून ते वेळेवर काढायला येतात. ज्यांना काहीच होत नाही तेच विसरतात. पण 3 महिन्यांच्या पुढं स्टेंटवरच खड्याचा थर चढायला लागतो, म्हणजे ज्या खड्यासाठी ऑपरेशन केलं तोच परत स्टेंटभोवती. वेळेवर आलं तर जेली लावून पाच-दहा मिनिटांत निघते. थर चढला की आधी एक्स-रे, मग कधी परत लेझर, कधी पाठीतून छिद्र. मी 3 वर्षांनी नळी काढायला आलेला पेशंट पाहिलाय, दोन ऑपरेशनं लागली.

तेव्हा आधी एक्स-रे करून घ्या आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. बाबांना रागावू नको, कदाचित त्यांना कोणी नीट समजावलंच नसेल. खरं तर काढायची तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ती घरच्यांकडून वाचून घ्यायला पाहिजे, मी तसंच करतो.

प्रश्न: दोनदा खडा झाला. दूध, पालक, टमाटर सगळं बंद केलंय. अजून काय सोडू? (सक्करदरा)

उत्तर: दूध परत सुरू करा, तेही आजच. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (पालकासारख्या भाज्यांतलं, खडा बनवणारं द्रव्य) धरतं आणि बाहेर नेतं, ते बंद केलं की ऑक्झलेट लघवीत वाढतं आणि खडे जास्त होतात. पालक कमी करा, टमाटर भाजीत खा. सोडायचंच असेल तर मीठ सोडा, म्हणजे लोणची, पापड, चिवडा, सावजीचा तो खारट रस्सा. आणि पाणी एवढं प्या की दिवसाला 2 ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत घामातच सगळं जातं तेव्हा त्या हिशोबानं आणखी. लिंबूपाणी बिनसाखर बिनमिठाचं घ्या, संत्री खा, त्यातलं सायट्रेट खडा बनू देत नाही. आणि पुढचा खडा पडला तर फेकू नका, कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे न्या. तो युरिक ॲसिडचा निघाला तर त्याचं औषध वेगळंच असतं, आणि तसला खडा त्या औषधानं विरघळतोसुद्धा.