चूर्णाआधी हिमोग्लोबिनचं बोलू

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझं वय ६१. दोन वर्षांपूर्वी कराडहून मुलाकडे पुण्याला राहायला आले, तेव्हापासून पोट साफ होत नाही. तीन-तीन दिवस परसाकडेला होत नाही, झालं तर खडा, कुंथून घाम फुटतो. रात्री चूर्ण घेतलं तरच सकाळी सुटका. ‘सवय लागेल, आतडी निकामी होतील,’ असं सूनबाई म्हणते. इसबगोलाने पोट आणखी गच्च झालं. हिमोग्लोबिन ९ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या आणि हाडांसाठी कॅल्शियम चालू आहे. त्यानंतर त्रास वाढलाच. चूर्ण सोडू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, चूर्णाचं नंतर पाहू. हिमोग्लोबिनचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण मी तिथेच अडलो. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ते ९ वर का आलं, हे कुणी शोधलं का? ‘बायकांना रक्त कमीच असतं’ म्हणत गोळी लिहून मोकळं व्हायची आपल्याकडे रीतच आहे. या वयात लोह कमी पडत असेल, तर पोटात किंवा आतड्यात कुठे रक्त झिरपतंय का, हे पाहावंच लागतं. ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यात तुमची शौचाची सवय पन्नाशीनंतर बदललीय. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, रक्तात तपासून घ्या आणि पोटविकारतज्ज्ञांना भेटून दुर्बिणीच्या तपासणीचं विचारा. कर्करोगच असेल असं मुळीच नाही. जठरातला व्रण, अंगदुखीच्या गोळ्या, अशी कारणंही असतात. पण दिवाळीनंतर बघू, असं करू नका. रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर याच आठवड्यात जा. रक्त देताना थायरॉइड, साखर आणि कॅल्शियमही पाहायला सांगा. लोहाच्या गोळीने शौच काळसर होतं, त्याला घाबरू नका. डांबरासारखं चिकट काळं झालं, तर मात्र लगेच दाखवा.

लोह आणि कॅल्शियम, दोन्ही मळ घट्ट करतात. स्वतःहून बंद करू नका. लोह एक दिवसाआड चालेल का, कॅल्शियमचा प्रकार बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकाच वेळी घेत असाल तर वेळा वेगळ्या करा, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही.

आता चूर्ण. डबीवर सोनामुखी लिहिलेली असणार, बहुतेक चूर्णांत तीच काम करते. नेहमीच्या मात्रेत तिने आतडी निकामी होतात, याला भक्कम पुरावा नाही, हे सूनबाईंनाही सांगा. तरी रोजच्या वापराला मी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पसंत करतो. ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. मात्र दोन-तीन दिवस वाट पाहावी लागते. पहिल्याच सकाळी ‘काही उपयोग नाही’ म्हणून डबा बाजूला ठेवू नका. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ती बसली की चूर्ण आपोआप सुटेल.

इसबगोल तुम्ही किती पाण्यात घेतलंत? घोटभर पाण्यात घेतलं तर पोट गच्चच होणार. आणि आधीच खडे साठलेल्या पोटात चोथा भरायची घाई नको. मळ मऊ झाल्यावर एक चमचा, मोठा पेलाभर पाण्यात, तोही गोळ्यांपासून दोन तास लांब. पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका चालू ठेवा.

कराडला उकिडवं बसायची सवय असेल आणि फ्लॅटमध्ये कमोड असेल, तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्या. गुडघे कमरेच्या वर आले की वाट सरळ होते, गुडघ्यांवर भारही येत नाही. सकाळी खाल्ल्यावर अर्ध्या तासात आतडी सर्वांत जास्त हलतात, नेमकी तेव्हाच तुम्ही नातवाच्या डब्यात गुंतलेल्या असाल, तर ती वेळ मागून घ्या. दहा मिनिटं बसा, नाही झालं तर उठा.

मळ मऊ होऊनही कुंथावंच लागलं, तर गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जातात का, ते मॅनोमेट्रीत, म्हणजे तिथला दाब मोजणाऱ्या तपासणीत, कळतं. त्यावर बायोफीडबॅकचा व्यायाम असतो, म्हणजे यंत्रावर स्नायूंची हालचाल पाहत ते सैल सोडायला शिकायचं. तिथे औषध वाढवून काही होत नाही.