'आता मी काय करू?' आणि बाबांचा डोंगर

मी मुलांबरोबर खेळातून उपचाराचं काम करते. गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे आलेल्या निम्म्या पालकांनी तरी हे थोड्याफार फरकाने बोलून दाखवलंय, "मॅडम, एवढे क्लास लावलेत, तरी घरी आली की 'आता मी काय करू?' चालू, आणि आपण काही सुचवलं नाही की लगेच मोबाईल मागते." म्हणून आज एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि जवळजवळ तीन महिन्यांचं काम दोन-चार प्रसंगांत बसवलंय.

मुलगी सात वर्षांची, तिला चिमू म्हणूया. पहिल्या भेटीत आईने मला फोनवर तिचं टाइमटेबल दाखवलं. पोहणं, स्केटिंग, डान्स, चित्रकला, शिवाय रविवारी बुद्धिबळ.

"म्हणजे ॲक्टिव्ह आहे ती, प्रश्न तो नाहीये," बाबा म्हणाले. "तिला एकटीला खेळताच येत नाही."

मी विचारलं, "'आता मी काय करू' म्हणाली की तुम्ही काय करता?"

"सुचवतो ना. पझल काढ, रंगव, ठोकळे घे."

"मग?"

"दोन मिनिटं. मग परत तेच."

पुढच्या वेळी तिघांना खेळाच्या खोलीत घेऊन गेले. माझ्या खोलीत महागडं काही नाही, गाद्या, उशा, दोन जुन्या चादरी, एक मोठं खोकं, दोरी, बॉल. चिमू दारातच उभी राहिली आणि मला म्हणाली, "टीचर, इथे काय करायचं असतं?" मी म्हटलं, "इथे तू ठरवायचं." तिने वळून आईकडे बघितलं आणि आई लगेच मदतीला धावली, "अगं बॉल घे ना, कॅच कॅच खेळूया, बघू दहा होतात का." बाबा म्हणाले, "दोन्ही हात पुढे, बॉलकडे बघ, हां, शाब्बास." दहा मिनिटांत आईबाबांची मिळून २३ वाक्यं मी मोजली, सूचना, प्रश्न किंवा शाब्बासकी यातलंच काहीतरी प्रत्येक वाक्य होतं. चिमू या दहा मिनिटांत चार शब्द बोलली.

मी आकडे सांगितले तेव्हा आईचा चेहरा उतरला. मी त्यांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, ही चूक प्रेमातूनच होते. कौतुक कमी पडेल, मूल मागे पडेल, वेळ वाया जाईल, ही भीती असते. पण प्रत्येक हालचालीवर मोठ्यांचं बोट असलं की मुलाला आतून काही सुचायची गरजच उरत नाही. क्लासमध्ये सर ठरवतात, घरी आपण ठरवतो, स्क्रीन तर सगळंच ठरवते. मग रिकामा अर्धा तास समोर आला की ते मूल गोंधळणारच.

आता शरीराचंही बोलूया, कारण "क्लासमध्ये व्यायाम होतो की" हे मला हमखास ऐकवलं जातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी निदान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि ३-४ वर्षांच्या पिल्लांनी तर दिवसभरात मिळून १८० मिनिटं हलतं राहावं. आता एखाद्या क्लासच्या तासात रांगेत उभं राहणं, सूचना ऐकणं, पाळीची वाट बघणं किती आणि प्रत्यक्ष हालचाल किती हे एकदा नुसतं बसून बघा. शिवाय क्लासमधली हालचाल ठरलेली असते. लोळणं, लोंबकळणं, ढकलणं, कुणाच्या तरी अंगावर चढणं यातून तोल सांभाळायला आणि आपला जोर किती लावायचा हे कळायला शरीर शिकतं, ते पाठ करून येत नाही.

माझं काम मूल पुढे आणि मोठा मागे या विचाराचं आहे, हे लपवत नाही. व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४०च्या दशकात खेळातून उपचाराची ही पद्धत मांडली, वाट मुलाने दाखवायची आणि मोठ्याने मागून जायचं. इतकी वर्षं हे करतेय आणि माझा विश्वास वाढतच गेलाय.

तर घरचं काम दिलं. रोज वीस मिनिटं जमिनीवर बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. शिकवायचं नाही, विचारायचं नाही, शाब्बास म्हणायचं नाही. ती म्हणेल ते करायचं. मारायचं नाही, मोडायचं नाही आणि कुणी "थांब" म्हटलं की थांबायचं, एवढे तीनच नियम.

आठवड्याने आई वैतागून आली. "मॅडम, टायमर लावून बसलो. ती आधी माझ्याकडे बघत बसली, मग म्हणाली मोबाईल दे, मग रडली. याला खेळ म्हणायचं का?"

मी म्हटलं, "रडली, पण तुम्ही काही सुचवलं नाहीत ना?"

"नाही."

"मग उत्तम चाललंय."

बहुतेक घरं इथेच माघार घेतात. कंटाळा आला की मूल तडफडतं आणि आपल्याला ते बघवत नाही, म्हणून आपण तो रिकामा वेळ भरून टाकतो. पण तो कंटाळा थोडा वेळ तसाच राहू दिला तरच मूल इकडेतिकडे बघायला लागतं. चिमूने तिसऱ्या आठवड्यात पलंगावरच्या उशा खाली ओढल्या आणि नुसत्या ओढल्याच, खेळ असा काही झाला नाही. आईला ते पसारा वाटलं, मला फार मोठी बातमी वाटली.

आणि मग ते सेशन. बाबा ऑफिसमधून थेट आले होते, दमलेले, गादीवर बसले ते बसलेच. चिमूने चादर ओढत आणली आणि त्यांच्या अंगावर टाकली. "बाबा, तू झोप. हलायचं नाही. तू डोंगर." बाबा पालथे झोपले. ती पाठीवर चढली, घसरली, परत चढली. एक मोजा अर्धा निघून लोंबत होता, केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि जीभ दातांत धरलेली. चौथ्यांदा ती जरा जोरात घसरली आणि उशांवर कोसळली. बाबांचा हात चादरीतून बाहेर आला, मी बघितलं, तिला धरायला आलेला तो हात मधेच थांबला आणि परत आत गेला. कुणीच काही बोललं नाही. चिमूने बाबांच्या तोंडाकडे बघितलं, लागलंय का हे जणू तिथे लिहिलेलं असतं, आणि मग खोखो हसत सुटली. "परत! आता हलणारा डोंगर!"

पुढची पंचवीस मिनिटं तिने आमच्यापैकी कुणालाही 'काय करू' विचारलं नाही.

मला मात्र त्या दिवशी सगळ्यात जास्त आईने शिकवलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. चिमू पाणी प्यायला बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "एक सांगू? मला तिच्याशी खेळायचा कंटाळा येतो. खूप कंटाळा येतो. कुणाला बोलले नाही कधी."

मी विचारलं, "खेळताना सगळ्यात जास्त काय दमवतं?"

ती विचार करून म्हणाली, "सगळं मलाच चालवावं लागतं."

तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पूर्वी मी पालकांना खेळांच्या याद्या छापून द्यायचे, घरात खेळायचे इतके प्रकार वगैरे. म्हणजे आधीच दमलेल्या माणसाच्या हातात मी आणखी एक क्लास ठेवत होते, आणि यावेळी शिक्षक तेच! या आईला मुलीचा कंटाळा नव्हता, खेळ चालवण्याचा कंटाळा होता. डोंगराला काय करावं लागतं? काही नाही, पडून राहावं लागतं. मोकळ्या खेळात मोठ्यांचं काम वाढत नाही, कमी होतं, हे त्या दिवसापासून मी प्रत्येक पालकाला सांगते आणि त्यांचे खांदे खाली आलेले मला समोर दिसतात.

आता नेहमीच्या दोन-तीन शंका. "अशी धसमुसळी केली तर मूल आक्रमक होईल का?" चेहरा बघा. हसतंय आणि परत परत येतंय तर तो खेळ, चेहरा आवळलाय आणि पळायला बघतंय तर थांबवा. याक पँकसेप नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांच्या झटापटीच्या खेळावर बरंच काम केलं. गुदगुल्या केल्या की उंदीर माणसाच्या कानाला ऐकू न येणारे बारीक आवाज काढतात, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं. झटापटीत मोठा उंदीर सारखाच जिंकत राहिला तर छोटा खेळायला बोलावणंच कमी करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा बाबालोक, अधूनमधून हरा. दुसऱ्याला खेळात टिकवायचं असेल तर आपला जोर आवरायला लागतो, मूल हे तिथेच शिकतं, भाषणातून नाही.

"आमचा मुलगा बाहेर नेला तरी नुसता बघत उभा राहतो." राहू द्या. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात इतरांचा खेळ बघत राहणं हाही एक प्रकार आहे. तो आत शिरायची जागा शोधतोय, पाठीवर हात ठेवून ढकलू नका.

आणि "वेळच नाही हो" म्हणणाऱ्यांना, एक क्लास कमी करा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात ३१व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलाय. गृहपाठ झाल्यावर द्यायचं बक्षीस म्हणून त्याकडे बघू नका. चिमूच्या घरी बुद्धिबळ आणि चित्रकला बंद झाली. दोन्ही तिला विशेष आवडत नव्हतीच, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटच्या भेटीला आईबाबा दोघंच आले. 'आता मी काय करू' अजून येतं, आई म्हणाली, पण आता ती "हं" एवढंच म्हणते आणि थांबते. मग तिने आदल्या दिवशीचं सांगितलं. कामावरून उशिरा आली, कपडेही न बदलता जमिनीवर आडवी झाली. चिमू येऊन म्हणाली, "आई, आज तू डोंगर का?"

"मी हो म्हटलं मॅडम, आणि डोळे मिटले. ती पाठीवरून काहीतरी चालवत होती, गाडी असेल, स्वतःशीच बडबडत होती. किती वेळ ते माहीत नाही. टायमर लावायचा राहिला."