क्रूसावरच सगळं पूर्ण झालं, मग तिसरा दिवस कशाला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. प्रभू येशू क्रूसावर 'पूर्ण झाले आहे' म्हणाला, पापांची भरपाई तिथेच झाली, तर तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठण्याची, म्हणजे पुनरुत्थानाची, गरज काय? आणि आत्मा अमर असेल तर शरीरच उठलं पाहिजे हा आग्रह कशाला, 'येशू आपल्या मनात जिवंत आहे' एवढं म्हणून का भागत नाही? बरीच वर्षं मी मंडळीत बायबल वर्ग घेतो आहे. ईस्टर जवळ आला की दुसरा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारायला संकोच वाटायचं काही कारण नाही, पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीलाही तोच पडला होता.

इ.स. 55 च्या सुमारास ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने इफिस शहरातून करिंथकरांना पत्र लिहिलं. त्याचा 15 वा अध्याय पूर्ण याच विषयावर आहे. तिथल्या काहींना ख्रिस्त हवा होता, मेलेल्यांचं उठणं तेवढं नको होतं. ग्रीक विचारात शरीर म्हणजे आत्म्याची कैद. एकदा सुटल्यावर परत कैदेत कोण जाईल? अथेन्सलाही तेच झालं. पौल देवाविषयी बोलत होता तोवर लोकांनी ऐकून घेतलं. मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघाला आणि काहींनी टिंगल सुरू केली. तरी करिंथकरांना पौल जराही सूट देत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, असं तो स्पष्ट लिहितो.

'पापांतच आहात' हे शब्द नीट बघा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. रोमन सत्तेने असंख्य माणसं क्रूसावर मारली. स्पार्टाकस या गुलामाने केलेलं बंड मोडल्यावर इ.स.पू. 71 मध्ये कापुआ ते रोम या रस्त्यावर सुमारे 6000 गुलामांना टांगलं होतं. त्यांच्यातल्या कुणाच्या मरणाने जगाला क्षमा मिळाली असं कुणी म्हटलं नाही. शिवाय यहुद्यांच्या नियमशास्त्रात झाडावर टांगलेला माणूस शापित. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी बघणाऱ्यांच्या लेखी निकाल लागलेला होता: हा देवाचा माणूस नव्हे. तो निकाल देवाने स्वतः फिरवला, तो तिसऱ्या दिवशी. पुष्कळ उपदेशक म्हणतात, क्रूस म्हणजे भरलेले पैसे आणि पुनरुत्थान ही त्याची पावती. मला ही उपमा तोकडी वाटते. पावती हरवली तरी पैसे भरलेलेच राहतात. पौल तसं म्हणत नाही. रोमकरांस लिहिताना तो म्हणतो की येशू आपल्या अपराधांमुळे धरून दिला गेला आणि आपण नीतिमान ठरावं म्हणून उठवला गेला. दोन्ही मिळून एकच काम आहे.

आता शरीराबद्दल, कारण खरी अडचण इथेच असते. आपल्या आजूबाजूला आत्म्याचं अमरत्व आणि पुनर्जन्म या कल्पना इतक्या रुळलेल्या आहेत की पुनरुत्थान त्यातलंच काहीतरी असावं असं वाटतं. तसं नाही. पुनर्जन्मात मागचं नाव, मागची नाती सुटतात. इथे येशूची शिष्या मग्दालीया मरीया उठलेल्या येशूला माळी समजते आणि 'मरीये' अशी हाक ऐकताच ओळखते. येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजारासारखं ते परत येणंही नाही. लाजार बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते, ती दुसऱ्यांना सोडावी लागली, आणि पुढे तो पुन्हा मेलाच असणार. येशूच्या कबरेत तागाची वस्त्रं पडलेली होती, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला. त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. आणि हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते.

त्या वणांपाशी मी नेहमी थांबतो. माझ्या आईच्या डाव्या करंगळीवर विळीने कापल्याची जुनी, पांढरी पडलेली खूण होती. तिला पेटीत ठेवलं तेव्हा हात छातीवर जोडलेले होते आणि ती खूण वरच दिसत होती. कबरेवर पाळकांनी 'मातीस माती' म्हटलं, मी मूठभर माती टाकली. पौल याच अध्यायात पुरण्याला पेरणं म्हणतो: विनाशी असं पेरलं जातं, अविनाशी असं उठवलं जातं. ख्रिस्ताला तो प्रथमफळ म्हणतो. सुगीची पहिली पेंढी देवापुढे आणायची तो सण यहुद्यांना ठाऊक होता. पहिली पेंढी आली म्हणजे मागचं शेत कापणीला आलंय. येशूचं उठणं ही एकट्या त्याच्यापुरती घटना नाही, ती या अर्थाने. देवाने हे शरीर टाकून दिलं नाही, त्यावरच्या जखमांसकट गौरवाने उठवलं. म्हणून आईची ती करंगळीही माझ्या लेखी टाकून दिलेली नाही.

हे खरंच घडलं का, हा वेगळा मोठा विषय आहे. एकच गोष्ट सांगतो. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी आधी पोचतात त्या बायका. त्या काळी साक्षीदार म्हणून बाईच्या शब्दाला किंमत नव्हती. यहुदी इतिहासकार योसेफस तसं लिहून गेला आहे. खुद्द प्रेषितांनाही त्यांचं बोलणं वायफळ वाटलं, असं त्यांतल्या एका शुभवर्तमानाचा लेखक लूक लिहितो. रचलेल्या गोष्टीत असे साक्षीदार कुणी घातले नसते.

राहिलं 'मनात जिवंत'. अहो, मनातला येशू शिष्यांकडे शनिवारीही होता! तीन वर्षं त्याच्याबरोबर फिरले होते, त्याचं बोलणं कानात ताजं होतं. तरी रविवारी संध्याकाळीसुद्धा ते भीतीने दारं लावून बसले होते. ती दारं उघडायला आठवण पुरली नाही.

आमच्या मंडळीत ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरींवरचं गवत काढतात, चुना देतात, आणि पहाटे अंधार असतानाच तिथे उपासना होते. मी आईच्या कबरेशी उभा राहून हाच 15 वा अध्याय वाचतो. तुम्ही तो एका बैठकीत शेवटपर्यंत वाचा, 58 व्या वचनापर्यंत. एवढं सगळं सांगून झाल्यावर पौल करिंथकरांना कामाला लागा म्हणतो, कारण प्रभूमध्ये केलेले तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत.