चढताना दम, उतरल्यावर मांड्या: असे का होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गुंजवणे गावातून चोर दरवाजाच्या वाटेने राजगड चढताना दम लागला, पण पाय दुखले नाहीत. उतरताना श्वास अगदी शांत होता, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी घराचा जिना उतरताना कठडा धरावा लागला व मांड्यांच्या पुढच्या भागाला हात लावणेही नकोसे झाले. सोबतच्यांनी ‘लॅक्टिक ॲसिड साठले’ असे सांगितले. तुम्हाला मात्र पडलेला प्रश्न असा, की गुरुत्वाकर्षण आपल्याला खाली ओढतच असते, मग उतरताना स्नायूंना काम तरी काय उरते? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातच दुखण्याचे कारण आहे.

उतरताना स्नायूंना भरपूर काम असते, पण ते उलट्या दिशेचे असते. विहिरीत भरलेली कळशी सावकाश सोडताना दोर हातातून सरकत जातो, तरी मूठ आवळलेलीच असते. उतारावर मांडीचा स्नायू तसाच ताणलेल्या अवस्थेत लांबत जातो. उंच पायरी उतरतानाची हालचाल बारकाईने पाहा. मागचा पाय वरच्या पायरीवर टेकलेला असतो, त्याची टाच हळूहळू उचलली जाते, जवळजवळ सरळ असलेला गुडघा वाकत जातो आणि पुढचा पाय खालच्या पायरीला टेकेपर्यंत शरीराचा सगळा भार त्या एका वाकणाऱ्या गुडघ्यावर तोललेला असतो. गुडघा वाकतो म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा स्नायूंचा गट लांबतो. पण त्याने जोर लावला नाही तर आपण कोसळू, म्हणून तो जोराने विरोध करत लांबतो. खुर्चीवर अगदी सावकाश बसताना मांडीवर तळवा ठेवून पाहा, स्नायू दगडासारखा कडक झालेला जाणवेल. शरीरशास्त्रात या प्रकाराला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात आणि अशा वेळी स्नायूने केलेल्या कार्याला ऋण कार्य म्हणतात.

या कार्याला ऑक्सिजन किती कमी लागतो, याचा एक सुंदर प्रयोग ॲबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी 1952 साली प्रसिद्ध केला. दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या होत्या. एक जण पेडल पुढे मारत असे आणि दुसरा उलटे फिरणारे पेडल रोखण्याचा प्रयत्न करत असे. साखळी एकच असल्याने दोघांच्या पायांवरचा जोर सारखा आणि वेगही सारखा. फरक इतकाच, की एकाचे स्नायू आखडत काम करत होते आणि दुसऱ्याचे लांबत. रोखणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन कितीतरी कमी निघाला, आणि वेग वाढवला तशी ही तफावत वाढत गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचे प्रात्यक्षिक झाले तेव्हा एका लहान चणीच्या तरुणीने रोखण्याची बाजू सांभाळून एका धिप्पाड तरुणाला लवकरच दमवले होते.

उतारावरच्या चालण्याचे मोजमाप त्याआधीच, 1938 साली, रोडोल्फो मार्गारिया या इटालियन शास्त्रज्ञाने केले होते. सर्वांत कमी ऊर्जेत चालणे सपाटीवर होत नसून सुमारे 10 टक्के उतारावर होते, असे त्याला आढळले. तीव्र चढावर स्नायूंची कार्यक्षमता सुमारे 25 टक्के असते, तर तीव्र उतारावर ऋण कार्याचे खर्च झालेल्या ऊर्जेशी असलेले गुणोत्तर सुमारे 120 टक्के येते. तुमच्या ट्रेकचा साधा हिशोब मांडू. वजन 70 किलो आणि उंचीतला फरक 600 मीटर धरला, तर वर जाताना शरीरात साठणारी स्थितिज ऊर्जा सुमारे 412 किलोज्यूल होते. 25 टक्के कार्यक्षमतेने ती मिळवायला जवळपास 1,650 किलोज्यूल, म्हणजे 390 किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा खर्ची पडते. तेवढेच खाली यायला 340 किलोज्यूल पुरतात, म्हणजे चढाच्या साधारण पाचवा हिस्सा. चढताना लागलेला दम आणि उतरतानाचा शांत श्वास यांचा उलगडा इथेच होतो.

मात्र वर कमावलेले ते 412 किलोज्यूल उतरताना कुठेतरी जिरवावेच लागतात. गाडीत अशी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते, आपल्यामध्ये ते मुख्यतः स्नायूंत उष्णता होऊन जिरतात. ही सगळी उष्णता शरीरातच कोंडली गेली असती तर शरीराचे तापमान त्यामुळेच सुमारे 1.7 अंश सेल्सिअसने वाढले असते.

आता स्नायूच्या आत जाऊ. स्नायूतंतू हा सार्कोमिअर नावाच्या हजारो सूक्ष्म एककांची एकापुढे एक जोडलेली माळ असतो. प्रत्येक एकक दोन ते तीन मायक्रोमीटर लांबीचे. त्यात मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू आपल्या टोकांनी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या बारीक तंतूंना धरून ओढतात आणि दोन्ही एकमेकांवर सरकतात. हे चित्र 1954 साली एकाच आडनावाच्या पण नात्याने संबंध नसलेल्या दोन हक्सलींच्या गटांनी स्वतंत्रपणे मांडले. आखडताना मायोसिनच्या प्रत्येक टोकाला सुटण्यासाठी आणि पुन्हा धरण्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एकेक रेणू खर्चावा लागतो. बाहेरच्या भाराने स्नायू लांबत असेल तर ही टोके धरलेल्या अवस्थेत ताणली जातात आणि पुष्कळदा एटीपी न वापरताच ओढून सोडवली जातात. ताणलेले टोक अधिक जोर देते. शिवाय टायटिन नावाचे प्रचंड मोठे प्रथिनही या ताणाला विरोध करते. परिणामी लांबत असलेला स्नायू, एकाच लांबीवर स्थिर राहून लावता येईल त्यापेक्षा अधिक जोर सहन करतो. वेगळ्या काढलेल्या स्नायूत हा जोर दीडपट किंवा त्याहूनही जास्त होतो.

याचा परिणाम, माझ्या मते, बहुतेक लेखांतून पुरेसा सांगितला जात नाही. प्रत्येक स्नायूतंतू अधिक जोर सोसत असल्यामुळे मेंदूला तेवढ्याच भारासाठी कमी तंतू कामाला लावावे लागतात. कमी तंतू म्हणजे कमी ऑक्सिजन, पण त्याच कारणाने कामावर असलेल्या प्रत्येक तंतूवरचा ताण मोठा. आपला श्वास हा एकूण खर्चाचा मापक आहे, एकेका तंतूवरच्या ताणाचा नाही. म्हणून उतरताना सगळे सोपे वाटत असते आणि आतमध्ये मात्र इजा होत असते.

ही इजा नेमकी कशी होते, याबद्दल डेव्हिड मॉर्गन या शास्त्रज्ञांनी 1990 साली मांडलेली कल्पना बरीच मान्यता पावली, जरी तिच्या सगळ्या तपशिलांवर एकमत नाही. माळेतील सगळे सार्कोमिअर सारखे बळकट नसतात. स्नायू बराच लांबलेला असताना ॲक्टिन आणि मायोसिन यांचा एकमेकांवरचा व्याप कमी होतो, त्यामुळे जे सार्कोमिअर जास्त लांबले ते अधिक दुबळे होतात आणि दुबळे झाल्याने आणखी वेगाने लांबतात. स्नायू सैल झाल्यावर त्यांतील बहुतेक पूर्ववत होतात, काही होत नाहीत. हजारो पावलांनंतर अशी विस्कटलेली ठिकाणे वाढतात, तंतूंच्या आवरणाला इजा होते, कॅल्शियम नको तिथे शिरते आणि मग दाह सुरू होतो. या प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणूनच दुखणे त्याच संध्याकाळी न येता बारा ते चोवीस तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते आणि साधारण आठवडाभरात जाते.

लॅक्टिक ॲसिडचे स्पष्टीकरण या वेळापत्रकात कुठेच बसत नाही. व्यायाम थांबल्यावर रक्तातले लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असते) तासाभरात जवळपास मूळ पातळीवर येते. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना सपाटीवर आणि काहींना उतारावर पळायला लावले होते. सपाटीवर पळणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले पण नंतर दुखले नाही. उतारावर पळणाऱ्यांचे लॅक्टेट वाढले नाही आणि दुखले मात्र भरपूर. तुमचा स्वतःचा अनुभवही हेच सांगतो, कारण लॅक्टेट दोषी असते तर चढणाने पाय अधिक दुखायला हवे होते.

प्राण्यांनाही जमिनीवर उतरायचे असते, आणि त्यांच्या अभ्यासातून या विषयात फार मोलाची भर पडली आहे. टर्की पक्षी उडी घेऊन जमिनीवर येतो तेव्हा धक्क्याची ऊर्जा आधी त्याच्या पोटरीच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात, साठते. स्नायूचे तंतू त्या क्षणी फारसे लांबत नाहीत. मग कंडरा सावकाश पूर्ववत होत जाते आणि ती ऊर्जा तंतूंकडे अधिक संथ गतीने सोपवते. अचानक ताणले जाण्यापासून स्नायूला मिळालेले हे संरक्षण आहे. आपली घोट्यामागची जाड कंडरा असेच काम करू शकते. पण कंडरा ऊर्जा फक्त थोडा वेळ सांभाळते, जिरवत नाही. उंच पायरीवर शरीर सावकाश खाली नेताना तो भार शेवटी मांडीच्या तंतूंवरच येतो. केन टोड हा मोठा भेक तर उडीनंतर पुढच्या पायांवर उतरताना, जमीन लागण्याआधीच, उडीच्या लांबीनुसार त्या पायांचे स्नायू कमी-अधिक ताणून ठेवतो. अंधारात एक पायरी चुकली की आपल्याला जो जोराचा हिसका बसतो, तो ही पूर्वतयारी चुकल्यामुळेच.

तुमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा प्रयोग मात्र उंदरांवरचा आहे. लिन आणि मॉर्गन यांनी 1994 साली दाखवले, की उतारावर पळवलेल्या उंदरांच्या मांडीच्या एका स्नायूत, चढावर पळवलेल्या उंदरांच्या तुलनेत, प्रत्येक तंतूत एकापुढे एक जोडलेल्या सार्कोमिअरची संख्या जास्त होती. माळेत मणी वाढले की तेवढ्याच हालचालीत प्रत्येकाला कमी लांबावे लागते. माणसात यासोबत मज्जासंस्थेतले आणि स्नायूभोवतीच्या ऊतींमधलेही बदल होत असावेत, पण परिणाम निश्चित आहे: एकदा उताराचा ताण सोसलेला स्नायू पुढच्या वेळी खूपच कमी दुखतो आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. गडाच्या पायथ्याचे रहिवासी डोक्यावर ओझे घेऊन रोज वर-खाली करतात आणि त्यांच्या मांड्या दुखत नाहीत, त्यामागे ही रोजची सवय आहे. रोज मैदानावर धावणाऱ्या आणि उत्तम दमसास असलेल्या माणसाच्या मांड्या मात्र पहिल्याच गडाला धरतात, कारण त्याने हृदय आणि फुप्फुसे तयार केलेली असतात, उतरण्याचे स्नायू नव्हे.

म्हणून पुढच्या ट्रेकसाठी तयारी करताना चढण्याबरोबर उतरण्याचाही वेगळा सराव करा. उंच इमारतीत राहत असाल तर लिफ्टने वर जा आणि जिन्याने खाली उतरा. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला थोडे मजले, मग हळूहळू जास्त. घरी खुर्चीवर तीन-चार सेकंद घेत सावकाश बसण्याचाही उपयोग होतो. पहिल्या वेळी थोडे दुखेल, आणि त्या थोड्या दुखण्यानेच संरक्षण सुरू होते. हा सराव ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, आदल्या दोन दिवसांत नको. प्रत्यक्ष उतरताना पावले लहान टाका म्हणजे गुडघा कमी वाकेल, उंच दगडावरून खाली उडी मारू नका, पाठीवरचे ओझे हलके ठेवा आणि दोन काठ्या वापरा. काठ्यांमुळे भाराचा काही हिस्सा हातांकडे जातो.

दुखायला लागल्यावर हलके चालल्याने तात्पुरता आराम पडतो. स्नायू ताणण्याच्या व्यायामाने, आधी केला काय किंवा नंतर, फारसा फरक पडत नाही. दुखणे असेपर्यंत स्नायूची ताकदही घटलेली असते, त्यामुळे लागोपाठ दुसऱ्या दिवशी अवघड उतार घेऊ नका. मांड्या खूप सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा, कारण मोडलेल्या तंतूंमधील प्रथिन तेव्हा मूत्रपिंडांवर भार टाकत असते.

गुडघ्याचा सांधा बिघडला असेल का, हेही तुम्ही विचारले आहे. दोन्ही मांड्यांच्या मांसल भागात सारखे दुखत असेल, दाबल्यावर वाढत असेल आणि चार-पाच दिवसांत उतरत असेल, तर ते स्नायूंचेच दुखणे आहे. एकाच गुडघ्यात, वाटीच्या मागे किंवा सांध्याच्या कडेला दुखत असेल, सूज असेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तर वर सांगितलेले काहीही त्याला लागू नाही. त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.