गाण्याचं आवतण

प्रश्न : ताई, मी 31 वर्षांचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि रात्री गाणी करतो. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण गाणी मला मराठीतच सुचतात. वडील यंत्रमागावर होते, आई अजून विड्या वळते. गाणीही त्याच जगातली आहेत. दोन वर्षांत सहा रेकॉर्ड केली. चारांचे शब्द माझे, दोनांचे माझ्या शाळेतल्या सरांचे. सर आता नाहीत. सगळ्यांनी सांगितलं, रील कर, रोज काहीतरी टाक. चार महिने केलं. पंधरा सेकंदांत बसावं म्हणून गाण्याचा तुकडा पाडायचा, कॅमेऱ्यापुढं हसायचं आणि रात्री दोनपर्यंत आकडे बघत पडायचं. चाल सुचणंच थांबलं. मग एका मुलाला 8,000 रुपये दिले. त्यानं आठवड्यात 40,000 व्ह्यूज दाखवले, पण ‘तुझं गाणं ऐकलं’ असं म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. मी खाती बंद केली. व्हॉट्सॲप तेवढं ठेवलंय, तेही घरच्यांसाठी. गाणी लोकांनी ऐकावीत असं फार वाटतं. या सगळ्याशिवाय ते होईल का?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : होईल. सावकाश होईल आणि त्यासाठी तुम्हाला माणसांच्या दारात जावं लागेल. खाती बंद केलीत ते बरं झालं. चाल सुचणं थांबत असेल, तर त्या माध्यमाची किंमत तुम्हाला परवडणारी नाही. यावर कोणी भित्रा म्हणालं, तरी मनाला लावून घेऊ नका.

मात्र पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. ही सहा गाणी तुम्ही कोणाला समोर बसवून ऐकवलीत का? आईला? कारखान्यातल्या कोणाला? त्याबद्दल एक ओळही नाही, म्हणून माझीच एक गोष्ट सांगते.

2009 साली मी स्वतः चाली दिलेल्या गाण्यांचा कार्यक्रम केला. तीनशे खुर्च्या लावल्या होत्या. पेपरात छोटी जाहिरात दिली, चौकात दोन बोर्ड लावले आणि गप्प बसले. आपण होऊन कोणाला फोन करणं मला कमीपणाचं वाटत होतं. गाणं चांगलं असेल तर लोक येतील, अशी माझी समजूत होती. आली 19 माणसं. त्यात तबलजीच्या घरचे पाच. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एक काकू भाजी घेताना भेटल्या. म्हणाल्या, ‘अगं, बोर्ड वाचला मी. पण तू बोलावलंच नाहीस की.’ त्या तीस वर्षं आमच्या शेजारी राहत होत्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आपल्याकडं लग्नाची पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात, मग घरोघरी अक्षत देत फिरतात. पत्रिका पोस्टानंही पोचते, पण दारात येऊन कोणी हातावर अक्षता ठेवल्या की जाणं टाळता येत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याभोवती किती माणूस जमतो ते तुम्ही लहानपणापासून बघितलंय. तिथं कोणी रील बघून येत नाही. तिथं यायचं हे घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. तुम्हाला जाहिरात आवडत नाही, हे कळलं. आवतण द्यायला तर हरकत नाही ना? त्याला कॅमेरा लागत नाही.

पहिलं आवतण आईच्या विड्या वळणाऱ्या मैत्रिणींना द्या. दुपारी अंगणात सूप मांडीवर घेऊन सात-आठ जणी बसत असतीलच. हात तेंदूपत्त्यात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. छोटा स्पीकर न्या, सहाही गाणी लावा आणि स्वतः तिथंच बसा. कुठल्या गाण्याला बोलणं थांबतं, कोणतं गाणं ‘परत लाव’ म्हणतात, ते बघा. त्यांच्यासमोर बसून जे कळेल, ते चाळीस हजारांच्या आकड्यातून कळलं नाही.

दुसरं, एक वही करा. नवी पेठेत माझ्या वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं. गिऱ्हाईकानं मागितलेली कॅसेट नसली, की ते वहीत नाव, पत्ता आणि कॅसेट लिहून घ्यायचे. माल आला की 15 पैशांचं पोस्टकार्ड जायचं : ‘आपण विचारलेली कॅसेट आली आहे.’ अक्कलकोट, मोहोळ, बार्शीहून माणसं ते कार्ड हातात धरून दुकानात यायची. येताना शेजाऱ्यालाही घेऊन यायची. दुकान 2004 ला बंद केलं. ती वही अजून माझ्याकडं आहे.

तुमच्या वहीत गाणं ऐकून ज्यानं स्वतःहून काही विचारलं, त्याचंच नाव येऊ द्या. नाव, फोन, गाव आणि त्याला कोणतं गाणं आवडलं ते. त्याला तुमचा नंबर तिथल्या तिथं सेव्ह करायला सांगा, हे विसरू नका. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण घालता येतात, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच निरोप पोचतो. ग्रुप काढू नका; त्यात सकाळची फुलं आणि सुविचार येऊन पडतात. वर्षातून तीनच निरोप पाठवा, नवं गाणं आल्यावर किंवा बैठक असल्यावर. अधूनमधून एखाद्याला नुसता फोन करा.

बैठक घरच्या गच्चीवर घ्या. आपल्या उन्हाळ्यात गच्ची रात्री नऊनंतरच बसण्याजोगी होते, तेव्हा एप्रिल-मे टाळा किंवा उशिरा बसा. तीस माणसं पुरेत. माणसं बोलावताना गल्लीतून एक, कारखान्यातून एक, शाळेतला एक अशी बोलवा आणि प्रत्येकाला ‘बरोबर एकाला आणा’ म्हणून सांगा. अशा चार-पाच बैठका झाल्या, वहीत दीडशे नावं झाली, की मग हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या ॲम्फी थिएटरचा विचार करा. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहाच्या मागं इतक्यात लागू नका. रिकाम्या खुर्च्यांसमोर गायल्यावर काय होतं ते मी भोगलंय.

तुमच्या गाण्यांचे श्रोते एकट्या सोलापुरात नाहीत. मागाचा खडखडाट ज्यांच्या कानात बसलाय अशी माणसं इचलकरंजीत आहेत, मालेगावात, भिवंडीत आहेत. पूर्व भागातल्या किती घरांतली माणसं भिवंडीला असतील, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा बाहेर गेलेले नातेवाईक घरी येतात. त्या दोन दिवसांत वही उघडी ठेवा.

आता गाणी ठेवायची कुठं? ऐकवल्यावर माणूस विचारणारच, ‘हे परत कुठं मिळेल?’ गाणं शोधल्यावर सापडलं पाहिजे. त्यासाठी तुम्ही रोज दिसायची गरज नाही. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी कलाकाराला थेट गाणं चढवता येत नाही, मधे वितरक, म्हणजे गाणी तिथं पोचवणारी कंपनी लागते. कोणी वर्षाची फी घेतो, कोणी उत्पन्नातला वाटा. करार वाचा आणि गाण्याची मालकी लिहून मागणाऱ्याला नमस्कार करून उठा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा एक क्रमांक मिळतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढं वितरक बदललात तर तोच क्रमांक द्यायचा, म्हणजे आधी ऐकलं गेल्याची मोजणी तुटणार नाही. नाव सगळीकडं एकाच पद्धतीनं लिहा. प्रकाशनाची तारीख महिनाभर पुढची धरा, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडं गाणं सुचवायचं असेल तर ते किमान सात दिवस आधी जावं लागतं. यूट्यूबवर स्थिर चित्र आणि खाली पूर्ण शब्द, एवढं पुष्कळ झालं. कॉमेंट बंद ठेवता येतात. त्या दुव्याचा क्यूआर कोड काढून हाताएवढ्या कार्डावर छापा आणि बैठकीत वाटा.

त्यातून पैसे येतील ही आशा मात्र ठेवू नका. 2024 पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की बारा महिन्यांत एखादं गाणं 1,000 वेळा वाजलं नाही, तर त्याचा मोबदला मिळत नाही. तुमच्या घरात हजाराचा हिशेब नवा नाही. आईची मजुरीही हजार विड्यांवरच ठरते. पण कमी विड्या वळल्या म्हणून सगळीच मजुरी बुडाली, तर ती गप्प बसेल का? म्हणून बैठकीत यूपीआयचा कोड ठेवा आणि गाण्याला पैसे देता येतात हे मोकळेपणानं सांगा. हे सांगताना तुमचा घसा कोरडा पडेल. तरी सांगा.

8,000 रुपये गेले ते गेले. तसले व्ह्यूज पुन्हा विकत घेऊ नका. ऐकल्याचे खोटे आकडे सापडले तर स्पॉटिफाय वितरकाकडून दंड वसूल करतं. मग वितरक तो तुमच्यावर टाकतो किंवा गाणंच काढून टाकतो.

सरांच्या दोन गाण्यांचं काम सगळ्यात आधी करा. आपल्या कायद्यात कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो आणि तो वारसांकडं जातो. सरांच्या घरी जा, गाणं वाजवून दाखवा आणि साध्या कागदावर त्यांची लेखी परवानगी घ्या. उत्पन्न झालं तर त्यांचा वाटा किती, तेही त्याच कागदावर लिहा. हे झाल्याशिवाय ती दोन गाणी कुठंही चढवू नका. आणि चार गाण्यांचे शब्द-चाल तुमचेच आहेत, तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या. 2012 च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही, तो त्याचाच राहतो. आपल्याकडच्या फार कमी जणांना हे माहीत आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

सोलापूर आकाशवाणीकडं सुगम संगीताच्या स्वरचाचणीची चौकशी करा. अर्ज सुटले की भरा. उत्तीर्ण झाल्यावर श्रेणी मिळते. सुरुवात बहुतेकांची ‘बी’ श्रेणीनंच होते. पहिल्या खेपेला नाही जमलं तर परत बसता येतं, माझे विद्यार्थी तिसऱ्यांदाही बसलेत. तिथं तुमच्या चेहऱ्याला काम नाही, आवाजच ऐकतात. मला वाटतं, ही जागा तुमच्यासाठीच आहे.

पहिल्या बैठकीची तारीख मला कळवा. मी येते. ऐकून आवडलं, तर वहीत माझंही नाव लिहा.

प्रश्न : आमचं बार्शीचं महिला भजनी मंडळ आहे. आमच्यातल्याच एकीनं रचलेली गौळण कोणीतरी मोबाइलवर घेतली आणि ती गावोगाव फिरतेय. पण खाली ना तिचं नाव ना मंडळाचं. आम्ही कुठल्याच ॲपवर नाही. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : संतांनी ही अडचण कधीच सोडवून ठेवली आहे. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’. अभंग कोणाच्याही तोंडून कुठंही गेला तरी नाव आतच बसलेलं, कोणी कापायचं म्हटलं तर चरणच मोडतो. तुमच्या मैत्रिणीला शेवटच्या कडव्यात तिची नाममुद्रा घालायला सांगा. लाजत असेल तर सगळ्या जणी मिळून सांगा. मग चांगल्या मोबाइलवर, पंखा बंद करून, गौळण पुन्हा रेकॉर्ड करा. पहिला सूर लागायच्या आधी एकीनं मंडळाचं आणि रचणारीचं नाव स्पष्ट उच्चारायचं. फाइललाही तेच नाव द्या. आणि ज्यांनी जुनी फिरवली, त्यांनाच ही पहिल्यांदा पाठवा.