जुना पंप दुकानदाराच्या हाती देऊ नका

प्रश्न : कोथरूडला वरच्या मजल्यावर राहतो. टाकी डोक्यावरच असल्याने शॉवरला जोर नव्हता, म्हणून आठ महिन्यांपूर्वी रविवार पेठेतल्या एका दुकानातून साडेचौदा हजारांचा प्रेशर पंप घेतला. दुकानदारानेच पाठवलेल्या प्लंबरने तो बसवला. त्याचे पैसे वेगळे दिले. आता पंप नुसता गुंगुं करतो, पाणी ओढत नाही, कधी एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडतो. कंपनीचा माणूस येऊन ‘ड्राय रन झालाय (म्हणजे पाण्याविना चाललाय), वॉरंटीत बसत नाही’ असं तोंडी सांगून गेला. दुकानदार म्हणतो, जुना द्या, नव्यावर दोन हजार कमी करतो. घरी गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत, बादलीने अंघोळ त्यांना जमत नाही. काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, नवा पंप जरूर बसवा, सासूबाईंना खोळंबून ठेवू नका. पण जुना पंप दोन हजारांसाठी देऊन टाकू नका. तुमच्या तक्रारीतला सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे. तो एकदा हातचा गेला की ‘ड्राय रन झाला’ हे कंपनीचं वाक्य खोडून काढायला तुमच्याकडे काही उरणार नाही.

कारण कोणतं ठरतं, यावर जबाबदारी कोणाची ते ठरतं. मोटर गुंगुं करते पण फिरत नाही, याला मोटर सुरू करून देणारा कपॅसिटर गेलेला असू शकतो, इम्पेलर म्हणजे पाणी ढकलणारा पंखा क्षाराने किंवा गंजाने अडकलेला असू शकतो. टँकर-बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत क्षाराचा त्रास नेहमीचाच. एमसीबी पडतोय म्हणजे वाइंडिंग, मोटरमधली तारेची गुंडाळी, जळालं असेल किंवा मोटरमध्ये पाणी शिरलं असेल. पाण्याविना चालून जळालेल्या पंपाचा पाणी अडवणारा सील करपलेला आणि प्लास्टिकचा इम्पेलर वितळलेला, वाकडा झालेला सापडतो. म्हणजे खूण दिसते. कंपनीच्या माणसाने पंप उघडून ती पाहिली का? पाहिली असेल तर सर्व्हिस रिपोर्टवर लिहून द्यायला काय हरकत होती? वॉरंटीतल्या अपवादाचा आधार जो घेतो, त्याने तो अपवाद लागू होतो हे दाखवायला हवं. तोंडी निकाल मी मुळीच मानणार नाही, तुम्हीही मानू नका.

आता पंपासोबतचं माहितीपत्रक काढा. त्यात ‘ड्राय रन प्रोटेक्शन’ लिहिलं आहे का बघा. लिहिलं असेल तर कंपनीचं म्हणणं तिच्यावरच उलटतं : कोरडा चालल्यावर आपोआप बंद व्हायला हवा होता तो पंप बंद झाला नाही, हाच दोष. आणि पंप चुकीच्या जागी किंवा बारीक पाइपवर बसवल्याने हवा ओढत होता असं निघालं, तर ती बसवण्याच्या सेवेतली त्रुटी. प्लंबर दुकानदाराने पाठवला होता, त्यामुळे दुकानदारालाही हात झटकता येणार नाहीत. माणूस पाठवल्याचा मेसेज आणि पैसे दिल्याची यूपीआयची नोंद जपा.

पंप स्वतः उघडू नका, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनलाही उघडू देऊ नका. ‘कंपनीचं सील तोडलं’ म्हणायला आयती संधी मिळेल. काढण्याआधी तो चालू करतानाचा आवाजासकट व्हिडिओ, जोडणीचे चारही बाजूंनी फोटो, मॉडेल व सीरियल नंबरची पट्टी हे सगळं टिपून ठेवा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. मग एमसीबी खाली करून, टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करून पंप काढून घ्या आणि खोक्यात ठेवा. नव्या पंपाच्या वेळी बायपास व्हॉल्व्ह मागून घ्या, म्हणजे पंप रुसला तरी टाकीचं पाणी येत राहील. गीझर किती दाब सोसतो, हेही प्लंबरला आधी पाहायला लावा. बिल पक्कं, बसवणावळीसकट एकाच दुकानाच्या नावाने घ्या.

पुढची पायरी म्हणजे दुकानदार आणि कंपनी दोघांना पंधरा दिवसांची नोटीस, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने. मागणी स्पष्ट लिहा : तुमच्या समोर तपासणी, लेखी अहवाल, आणि दोष निघाल्यास बदली पंप किंवा पैसे परत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावरही तक्रार नोंदवा. काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनी कुठल्याही शहरातली असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. दुकानदार, कंपनी, प्लंबर तिघांनाही प्रतिवादी करा.

दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. पंप जपून ठेवा म्हणतो ते यासाठीच.

आणखी एक काम आजच करा. गेल्या आठ महिन्यांत गच्चीवरची टाकी कधी रिकामी पडली का, पडली तर कोणत्या दिवशी, हे सोसायटीच्या सचिवांकडून लेटरहेडवर लिहून घ्या. टाकी सतत भरलेली होती असं पत्र आलं, तर ते नोटिशीला पहिल्या क्रमांकाने जोडा.